माश्यांच्या ट्रकला जॅमर

माश्यांचा ट्रक दिवसा थांबवायचा नसतो. हे व्हर्ना टिलरीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप मधवाला, नवरा मधवाला, आणि नवरा गेल्यावर तीच मधवाली. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्या चढवायच्या, वरून जाळी ताणायची, आणि जॉर्जियातून जे चाक सुटायचं ते थेट उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या ब्लूबेरीच्या मळ्यांत थांबायचं. डिझेल भरायचं तेसुद्धा अंधारात. ऊन आहे तोवर गाडी पळती हवी. वारा लागतो तोवर माश्या मुकाट बसून राहतात. गाडी थांबली की त्यांना वाटतं, आलं मुक्कामाचं ठिकाण, चला बाहेर. म्हणून तर ट्रकवर ड्रायव्हर दोन. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं मागच्या बाकावर घोरायचं.

घोरायचं काम तिचा थोरला भाऊ होइट अगदी मन लावून करायचा.

"होइट, ऊठ. जाळी सुटलीय."

"सुटू दे."

"सुटू दे काय, मेल्या? आरशात बघ. मागचा पट्टा लोंबतोय. हायवेवर जाळी उडाली तर मागच्या गाड्यांच्या काचांवर माश्यांचा पाऊस पडेल. माणसं मरतील."

होइट उठला. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी तशीच होती, ती बाजूला सारून त्यानं आरशात पाहिलं आणि एक शिवी हासडली. "पुढच्या वळणावर पंप आहे. तिथं घे."

"पंपावर बायकापोरं असतात. कुणाच्या लेकराला चावल्या म्हणजे? ओसाड जागा बघ."

ओसाड जागा मिळाली. फर्निचरचं बंद पडलेलं मोठं दुकान, काचांना फळ्या ठोकलेल्या, आवाराच्या फरशीतून गवत वर आलेलं. माणूस काय, कुत्रं नव्हतं. व्हर्नानं ट्रक कडेला घेतला, इंजिन चालूच ठेवलं, अंगात पांढरा कोट आणि डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि दोघं मागं धावली. पाच मिनिटांचं काम.

आता बघा, चांगुलपणा कसा नडतो ते. माणसं नसतील अशी जागा मधवाले शोधतात, आणि नेमक्या तशाच जागी जॅमरवाले दबा धरून बसलेले असतात. पंपावर उभी राहिली असती तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

पट्टा ओढून, कडी अडकवून दोघं पुढं आली तर ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाला पिवळाधमक जॅमर. शेजारी एक पिकअप गाडी, आणि चाकाचे फोटो काढणारा एक लठ्ठसा माणूस. छातीवर नाव होतं, लॉनी.

"अहो, हे काय करताय?" व्हर्ना ओरडली.

"खाजगी जागा आहे, बाई. पाटी आहे."

"कुठाय पाटी?"

लॉनीनं बोट दाखवलं. खांबावर वेल चढला होता. वेलाच्या आत पाटी असेल तर देव जाणे.

"आम्ही इथंच उभे होतो. इंजिन चालू आहे, ऐकू येत नाही? एक हाक मारली असती तर निघालो असतो!"

"हाक मारायचा पगार मिळत नाही मला."

होइट पुढं सरसावला, तशी व्हर्नानं त्याला कोपरानं मागं ढकललं. भांडायला वेळ कुणाला होता? उन्हानं एव्हाना डोकं वर काढलं होतं. "बरं, चूक झाली. काय दंड असेल तो घ्या आणि काढा."

लॉनीनं फोन लावला, 'हो मालक, बरं मालक' केलं आणि ठेवला. "मालक म्हणतात, टोइंगची मोठी गाडी निघालीय. ट्रक आमच्या यार्डात जाणार, मालासकट. काय ते तिथं मिटवायचं."

"मालासकट? अहो, माल जिवंत आहे!"

तेव्हा कुठं लॉनीनं मान वर करून पाहिलं. इतका वेळ त्याला वाटत होतं, पांढरी लाकडी खोकी आहेत. कसली खोकी असतील याचा विचार करायचा पगारही त्याला मिळत नसावा. जाळीच्या आतून काहीतरी सरसरत होतं. तो दोन पावलं मागं गेला.

"माश्या आहेत?"

"चारशे पेट्या."

त्यानं पुन्हा फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आला. "माश्या असोत नाहीतर हत्ती असोत! जॅमर काढायचा नाही!"

लॉनीनं खांदे उडवले. "मी काय करू? मला पण पोट आहे."

व्हर्नाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती ऐकत होती. पेट्यांमधला आवाज बदलला होता. चालत्या गाडीत माश्यांची गुणगुण खालच्या सुरात असते. आता सूर चढला होता, लाखो पंख एकदम घरातली हवा बाहेर लोटत होते. जाळीखाली हवा कोंडली की पेटीच्या आतलं मेण मऊ होतं, पोळी खाली बसतात, मध वाहतो, पिल्लं शिजतात, आणि पेटीत नुसता चिखल उरतो. लहानपणी बापाच्या ट्रकवर तिनं एकदा तो चिखल पाहिला होता. बाप रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला होता. या चारशे पेट्यांपलीकडे व्हर्नाकडे काही नव्हतं. या गेल्या की धंदा बसला, आणि नवऱ्यानं तीस वर्षं जपलेली माश्यांची जात संपली.

होइट केबिनमधून बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन आला. "बाजूला हो. कापतो."

"काप, काप," लॉनीनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "शूटिंग चालू आहे. कापलास की गुन्हा. मग ट्रक पोलिसांच्या ताब्यात, तू पण."

"अरे, तुझ्या तर..."

"होइट, ठेव ते खाली." व्हर्नानं त्याच्या हातातून ग्राइंडर काढून घेतला. ट्रक एकदा पोलिसांच्या आवारात लागला असता तर आठवडाभर हलला नसता. "मी पोलिसांना बोलावते."

पोलिसांची गाडी आली. उतरला तो इंग्रम नावाचा डेप्युटी, उंचपुरा, शांत. सगळं ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "बाई, वाईट वाटतं. पण हा तुमच्या दोघांतला खाजगी मामला आहे. त्यात आम्हाला पडता येत नाही."

"खाजगी?" होइट भडकला. "साहेब, उद्या माझ्या गळ्यात कुणी साखळी बांधली तर तोही खाजगी मामलाच का?"

"साहेब," व्हर्नानं आवाज खाली ठेवला, "तुमच्या राज्यात ट्रकच्या जॅमरचा नवा कायदा झालाय. महिनाभर सगळे ड्रायव्हर रेडिओवर तेच बोलतायत."

"झाला असेल. आमच्यापर्यंत कागद आलेला नाही."

व्हर्ना मटकन चाकापाशी बसली. रडूच यायचं बाकी होतं. आणि बसली म्हणून दिसलं: जॅमरच्या कडेला नवीकोरी चिकटपट्टी, परवान्याचा नंबर, खाली लहान अक्षरांत राज्याच्या कार्यालयाचा फोन. तक्रारीसाठी. नव्या कायद्यानंच ती लावायला लावली असणार. लॉनीनं लावली होती, वाचली मात्र नव्हती.

तिनं फोन लावला. पलीकडून संगीत सुरू झालं. बॅन्जो. आपला नंबर लवकरच येईल.

"व्हर्ना," होइट हळूच म्हणाला. "उन्हाकडची खालची रांग. हात लावून बघ."

तिनं हात लावला. लाकूड चटका देत होतं. पेटीच्या तोंडाशी माश्यांचा घोस लोंबत होता, एकीच्या अंगावर एक. बॅन्जो वाजतच होता.

"जाळी काढू?"

हाच तो प्रश्न होता, आणि तो कुणी विचारू नये असं तिला वाटत होतं. जाळी काढली तर माश्यांना हवा मिळेल, पण त्या उडतील, मैलभर पांगतील. ठेवली तर उन्हाकडच्या सगळ्या पेट्यांचा चिखल. मधला मार्ग नव्हता. टोइंगची गाडी आली आणि हा ट्रक तसाच ओढून तापल्या यार्डात उभा केला, तर सगळंच संपलं.

"साहेब, पाणी मिळेल का? पुष्कळ? पावसासारखं मारावं लागतं."

इंग्रमचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. पोलीस म्हणून त्याचे हात बांधलेले होते, पण या गावात आगीच्या बंबावरही तोच असायचा. "पाणी द्यायला मला कुठल्या कायद्याची गरज नाही," तो म्हणाला आणि गाडीतल्या वायरलेसकडे वळला.

"होइट, काढ जाळी," व्हर्ना म्हणाली.

जाळी सरकली आणि धूर निघावा तशा माश्या वर उठल्या. आधी ट्रकवर, मग आवारभर. लॉनीनं किंकाळी फोडली. स्वतःची पिकअप ट्रकला लागून उभी, तिकडं जायची छाती नव्हती. तो धावत सुटला आणि डेप्युटीच्या गाडीत शिरून बसला. मागच्या सीटवर, जिथं चोरांना बसवतात तिथं. काचा बंद.

बॅन्जो थांबला. "व्यापारी वाहन नियंत्रण, मिसेस ओक्स बोलतेय."

व्हर्नानं एका दमात सगळं सांगितलं.

"थांबा," मिसेस ओक्स म्हणाल्या. "कायद्यात असं आहे: जिवंत जनावरं असलेला ट्रक अडवता येत नाही. तुमच्याकडे जनावरं कुठली आहेत?"

"मधमाश्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"बाई, गाडी उभी राहिली तर त्या मरतात का?"

"मरतायत. आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर."

"मग जनावरंच. त्या माणसाला फोन द्या."

फोन द्यायचा कसा? काचा बंद. व्हर्नानं आवाज मोठा केला आणि फोन काचेला चिकटवून धरला. आत लॉनी, घामानं निथळलेला. बाहेर तिच्या बाहीवर माश्या चालतायत. आणि मधे मिसेस ओक्सचा आवाज, शाळेतल्या कडक बाईंसारखा. "मिस्टर लॉनी, जॅमर ताबडतोब काढा. नाही काढलात तर तुमचा परवाना आज दुपारीच रद्द. मालकांचा पण. आणि काढायचा तुम्हीच. परवाना नसलेल्या माणसानं हात लावला तर तोही गुन्हाच आहे."

"मला नाही जमणार," लॉनी आतून म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "बाई, देवाशपथ नाही जमणार. तुम्हीच घ्या चावी."

होइट ट्रकवरून हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. "आता का रे? आता हाक मारू का तुला?"

"गप रे," व्हर्ना म्हणाली. या माणसाला बाहेर काढायचं होतं, डिवचायचं नव्हतं. "लॉनी, चावल्या की तुझा घसा सुजतो का? श्वास अडतो? खरं सांग."

"नाही. भीती वाटते."

"तर मग ये."

तिनं आपली टोपी काढली, अंगातला पांढरा कोट काढला आणि बाहेरून दार वीतभर उघडून आत सरकवला. दुसरा कोट होइटच्या अंगावर होता, आणि होइट वर पेट्यांत होता. लॉनी बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे पाहवत नव्हतं. कोट पोटावर मिटत नव्हता. व्हर्ना उघड्या डोक्यानं त्याच्यापुढं चालली, माश्यांना शांत करणाऱ्या धुराच्या डब्याचा भाता दाबत. "हात झटकायचे नाहीत. पळायचं नाही. त्यांचं तुझ्याकडे काही काम नाही."

तिच्या मानेवर एक चावली, कानामागं एक चावली. ती भाता दाबत राहिली. लॉनी गुडघ्यावर बसला. चावी दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा कुलूप फिरलं, जॅमर सुटला आणि धाडकन फरशीवर आपटला. त्याच क्षणी त्याच्या मनगटावर एक बसली आणि चावली, आणि तो "आई गं" म्हणून ओरडला, पण हात झटकला नाही. व्हर्नानं नखानं नांगी खरवडून काढली.

बंब आला. इंग्रमनं टोपी उलटी घातली आणि पाण्याचा फवारा आकाशात सोडला. पाणी पेट्यांवर पडू लागलं तसा तो चढा सूर हळूहळू खाली यायला लागला, आणि मग मात्र व्हर्ना रडली. तोंड पाण्याकडे करून रडली, म्हणून कुणाला कळलं नाही.

लॉनीचा फोन वाजला. मालक. टोइंगची गाडी अर्ध्या वाटेतून परत बोलावली होती. मिसेस ओक्सनी त्यांनाही फोन केला असावा. लॉनी लांबूनच ओरडला, "बाई, मालक म्हणतात, निघा आता लगेच. जागा रिकामी करा."

व्हर्नानं चेहरा पुसला. "आता? आता नाही निघता येत."

"म्हणजे? जॅमर काढला ना?"

"माश्या बाहेर आहेत. संध्याकाळी घरी येतील. मी आत्ता ट्रक हलवला तर घर नाही दिसणार त्यांना, इथंच घिरट्या घालून मरतील. अंधार पडेपर्यंत ट्रक इथून हलणार नाही."

लॉनी तिच्याकडे पाहतच राहिला. सकाळी जो ट्रक त्यानं जाऊ दिला नव्हता, तो आता जायला तयार नव्हता. त्यानं फोनवर सांगितलं. पलीकडून मालक असा काही तडकला की लॉनीनं फोन कानापासून लांब धरला. "मग परत बसव जॅमर!"

लॉनीनं पायापाशी पडलेल्या पिवळ्या लोखंडाकडे पाहिलं. मनगट एव्हाना वांग्याएवढं सुजलं होतं. "मालक," तो म्हणाला, "तुम्हीच या आणि बसवा," आणि फोन बंद केला.

"शाब्बास रे पठ्ठ्या," होइट वरून म्हणाला. शेंगांची पिशवी त्यानं लॉनीच्या दिशेनं फेकली. ती चेष्टा होती की माफी, ते लॉनीला कळलं नाही, पण त्यानं शेंगा खाल्ल्या.

दिवसभर पाणी मारलं. ऊन कललं आणि माश्या परतू लागल्या. व्हर्ना एकेका पेटीला कान लावत चालली. बहुतेक पेट्या बोलत होत्या. उन्हाकडची खालची रांग गप्प होती. तिनं एक झाकण उचललं आणि परत ठेवलं. दुसरं उचललं नाही. पेटीखालून मध ठिबकत होता, फरशीवर पसरत होता, आणि त्यात पिल्लं होती. लॉनी येऊन शेजारी उभा राहिला. त्यानं पाहिलं.

"हे सकाळी जिवंत होतं?" त्यानं विचारलं.

"सकाळी तू फोटो काढत होतास तेव्हा जिवंत होतं."

तो एक पाऊल मागं सरला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाई, मला घरी जायचंय. पण..." आणि पिकअपकडे बोट केलं.

पिकअपच्या दारावर, नेमकी मूठ असते तिथं, माश्यांचा मोठा घोस लटकला होता. हे उन्हाकडच्या रांगेतल्या शेवटच्या पेटीतलं घर होतं. जाळी निघताच ते आख्खं घर राणीसकट बाहेर पडलं होतं आणि गार सावली बघून इथं येऊन बसलं होतं. लॉनीला दार उघडता येईना.

होइटनं पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "व्हर्ना, सोडू नकोस! टोइंगची गाडी बोलाव! मालासकट!"

व्हर्ना हसली नाही. तिनं रिकामी पेटी आणली, घोसाखाली धरली, आणि दारावर हाताच्या मुठीनं एकच ठोसा दिला. घोस धप्पकन आत पडला. झाकण लावलं. "धर," ती म्हणाली. "वर नेऊन ठेव. ज्या रांगेतून गेल्या, त्याच रांगेत."

लॉनीनं पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आतली गुणगुण लाकडातून त्याच्या बरगड्यांपर्यंत पोचली असणार, कारण तो एकदम जागच्या जागी थांबला. मग सावकाश, तान्हं मूल नेतात तसा, पावलं टाकत ट्रकपाशी गेला आणि मेलेल्या पेट्यांच्या मधे त्यानं ती ठेवली. होइटनं जाळी ओढली. पट्टा या वेळी दोनदा तपासला.

व्हर्ना केबिनमध्ये चढली. मान सुजली होती, डावा कान ठणकत होता, मेन अजून लांब होतं. लॉनी तिच्या दारापाशी आला. पांढरा कोट घडी करून हातात होता. तो त्यानं वर दिला.

"हाक मारायला हवी होती मी," तो म्हणाला.

"हो," व्हर्ना म्हणाली, आणि दार लावून घेतलं.